चोवीस तासांच्या शर्यतीचा मानकरी : जॅकी इक्स

मोटारींच्या शर्यतीसारखा विषय वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कसा काय आला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. येथे ज्ञानेश्वरीवर बोलावे, अर्थसंकल्पावर बोलावे, फार तर क्रिकेटवर बोलावे; पण पेट्रोल जाळीत एकाच वाटेवर गरगर फिरणाऱ्या श्रीमंतांच्या खेळाशी आपल्या गावाला काय कर्तव्य? त्यातून वक्ता पडला कामगार संघटनेतला. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर प्रथम देणे भाग आहे.

आमचे शालेय शिक्षण थोडे झाले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकाशी. अशा माणसाला कोणत्याही खेळात प्रथम दिसते ते त्यामागचे काम. कोण किती वेळ राबतो, यंत्र कोणाच्या हाती आहे, ते बिघडले तर कोण दुरुस्त करतो आणि अपघात झाला तर तो कोणाच्या माथी बसतो, हे प्रश्न आमच्या डोक्यातून सुटीच्या दिवशीही जात नाहीत. या दृष्टीने पाहिले तर फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत ही एक अखंड पाळीच आहे. ती शनिवारी दुपारी भरते आणि रविवारी दुपारी सुटते. ज्या गृहस्थाची ओळख आज करून द्यायची आहे, त्या बेल्जियमच्या जॅकी इक्सने ही शर्यत सहा वेळा जिंकली : १९६९, १९७५, १९७६, १९७७, १९८१ आणि १९८२ या साली. १९८२ व १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचे चालकांचे जागतिक अजिंक्यपदही त्याच्याकडे होते. तथापि त्याच्या विजयांची जंत्री वाचून दाखवणे एवढाच आमचा हेतू नाही. १९६९ सालच्या जून महिन्यात तो जी मोजकी पावले चालला, ती का चालला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे समजून घेणे हा आजचा खरा विषय आहे.

ही शर्यत म्हणजे काय?

ल मान्स हे शहर पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. तेथे १९२३ सालच्या मे महिन्यात ही शर्यत प्रथम झाली. त्या काळी मोटार हे बेभरवशाचे वाहन होते. दिवे रात्रभर टिकतात काय, इंजिन तापून बसते काय, रस्त्याचे हादरे सांगाडा किती सोसतो, याची कसोटी लागावी हा शर्यतीमागचा हेतू होता. म्हणून अंतर ठरवून वेळ मोजण्याऐवजी येथे वेळ ठरवून अंतर मोजले जाते. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर तोडील ती पहिली. शर्यतीचा बराचसा मार्ग म्हणजे एरवीचे रहदारीचे रस्ते. शर्यतीपुरते ते बंद करतात. १९६९ साली एक फेरी सुमारे साडेतेरा किलोमीटरची होती आणि तीत जवळजवळ सहा किलोमीटरचा एक सरळ रस्ता होता. त्यावर मोठ्या गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जात.

गाडी एक आणि चालक दोन, अशी त्या वेळची रीत होती. पुढे तीन चालकांची रीत पडली. एक चालवतो तेव्हा दुसरा घटकाभर डोळा लावतो. मधून मधून गाडी कडेच्या थांब्यावर येते. या थांब्याला तेथे ‘पिट’ म्हणतात. तेथे कारागीर तेल भरतात, चाके बदलतात, ब्रेकचे पॅड पाहतात. मार्गावर एकाच वेळी मोठ्या ताकदीच्या आणि लहान इंजिनाच्या, अशा निरनिराळ्या गाड्या धावत असतात. रात्री काळोखात, धुक्यात किंवा पावसात मागून येणाऱ्याने पुढच्या संथ गाडीला चुकवीत जायचे असते.

अशा शर्यतीत केवळ वेगाच्या जोरावर निभाव लागत नाही. हजारो वेळा गिअर बदलायचा, तर प्रत्येक वेळी तो हलक्या हाताने पडला पाहिजे. ब्रेक वेळेआधी झिजले तर थांब्यावर मिनिटे जातात, आणि एका थांब्यात गमावलेली मिनिटे भरून काढायला कित्येक तास लागतात. लेथवर वर्षानुवर्षे काम केलेला कारागीर यंत्राचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेले की नाही ते सांगतो. त्याच जातीचा कान येथे लागतो. जो चालक यंत्र सांभाळतो, जोडीदाराच्या हाती ते धडधाकट सोपवतो आणि तरीही वेग पडू देत नाही, तो येथे टिकतो. इक्स हा त्या जातीचा चालक होता.

चालकाची घडण

जॅकी इक्सचा जन्म १ जानेवारी १९४५ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. वडील मोटारींवर लिहिणारे पत्रकार होते. मुलाचे मन शाळेत रमेना, तेव्हा त्याला एक लहान मोटारसायकल मिळाली. खाचखळगे, दगड आणि चिखल यांतून पाय न टेकता गाडी न्यायची, अशा प्रकारच्या स्पर्धांत तो प्रथम चमकला. या स्पर्धांत घाई करून चालत नाही. तोल आणि चाकाची पकड यांचाच विचार करावा लागतो. पुढे पावसात त्याच्याइतका निर्धास्त चालक क्वचितच आढळला. त्याचे मूळ या चिखलात असावे, असे आम्हांस वाटते.

मोटारसायकलवरून तो मोटारीकडे वळला. १९६६ साली, एकवीस वर्षांचा असताना, त्याने ह्युबर्ट हाने याच्यासह बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांची शर्यत बीएमडब्ल्यू गाडीतून जिंकली. इंग्लंडमधील केन टिरेल या संघचालकाने त्याला आपल्याकडे घेतले. १९६७ साली तो ‘फॉर्म्युला टू’ या दुसऱ्या श्रेणीतील गाड्यांचा युरोपीय विजेता झाला. त्याच वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे मोठ्या श्रेणीच्या चालकांबरोबर सराव करताना आपल्या कमी ताकदीच्या गाडीतून त्याने सर्वांत तिसरी जलद वेळ नोंदवली. तेव्हा जाणत्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. १९६८ साली तो फेरारीच्या संघात दाखल झाला आणि ७ जुलैला फ्रान्समध्ये रुआँ येथे भर पावसात त्याने आपली पहिली ग्रँड प्रिक्स जिंकली. त्याच शर्यतीत ज्यो श्लेसर हा फ्रेंच चालक आपल्या गाडीत जळून मेला. तेवीस वर्षांच्या विजेत्याच्या वाट्याला पहिला आनंद आला तो असा.

धावत सुटण्याची चाल

आता त्या चालण्याकडे येऊ. ल मान्सची शर्यत सुरू करण्याची एक जुनी पद्धत होती. गाड्या रस्त्याच्या एका बाजूला तिरप्या रांगेत उभ्या करीत. समोरच्या बाजूला चालक आपापल्या जागी उभे राहत. झेंडा पडला की सर्वांनी धावत रस्ता ओलांडायचा, गाडीत उडी मारायची, इंजिन सुरू करायचे आणि सुटायचे. प्रेक्षकांना हे दृश्य फार आवडे. छायाचित्रे सुरेख येत. १९२५ पासून चालत आलेली ही चाल, ती बदलावी असे चालकांना कितीही वाटले तरी संयोजकांना वाटत नव्हते.

मग साठच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत सुरक्षा-पट्टे आले. खांद्यावरून आणि कमरेवरून घ्यायचे हे पट्टे नीट आवळायला वेळ लागतो. बहुधा बाहेरून कोणाची तरी मदत लागते. परंतु शेजारची गाडी सुटलेली दिसत असताना पट्टा बांधीत बसण्याचा धीर कोणाला होणार? तेव्हा बहुतेक चालक पट्टा न बांधताच निघत, आणि पुढे सरळ रस्ता लागला म्हणजे भर वेगात एका हाताने तो ओढूनताणून बसवू पाहत. काही तर त्या वेळी सुकाणूचे चाक गुडघ्यांनी धरीत. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधल्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे गुडघ्याला चाक होते आणि वेग तीनशेच्या घरातला.

१९६८ साली याचा एक दाखला मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्ये कामगारांचा व विद्यार्थ्यांचा प्रचंड संप झाला. त्यामुळे जूनमध्ये होणारी शर्यत सप्टेंबरअखेर ढकलावी लागली. तीत विली मेरेस हा बेल्जियमचा चालक घाईघाईने सुटला. गाडीचे दार नीट लागले नव्हते. पहिल्याच फेरीत सरळ रस्त्यावर ते उघडले, गाडी भरकटली आणि आदळली. मेरेस कित्येक दिवस बेशुद्ध होता. पुन्हा तो शर्यतीत उतरला नाही. इक्स त्या वर्षी कॅनडातील सरावात पाय मोडल्यामुळे ल मान्सला नव्हता. पण आपल्या देशबंधूचे काय झाले हे त्याला पुरते ठाऊक होते.

१४ जून १९६९ रोजी पंचेचाळीस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होते, म्हणून शर्यत नेहमीच्या चार वाजताऐवजी दोन वाजता सुरू झाली. झेंडा पडला. चव्वेचाळीस चालक धावले. पंचेचाळीसावा, म्हणजे चोवीस वर्षांचा इक्स, रस्ता चालत ओलांडू लागला. सुटलेल्या गाड्यांना चुकवीत तो आपल्या फोर्ड जीटी ४० गाडीपाशी पोहोचला, आत बसला, दार लावले, पट्टा व्यवस्थित आवळला आणि मगच निघाला. तो सर्वांत शेवटी होता.

त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा हौशी इंग्रज चालक नव्या, अतिशय ताकदवान पोर्श ९१७ गाडीसह आदळला. तो गाडीबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. सुटण्याच्या घाईत त्याने पट्टा बांधलेला नव्हता, असेच मानले जाते. इक्सच्या चालण्याचा अर्थ सांगायला यापुढे कोणत्याही भाषणाची गरज उरली नाही. पण शर्यत अजून जवळजवळ चोवीस तास शिल्लक होती.

दोन सेकंदांची किंमत

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने आम्हांला बोलूनही दाखवला. चोवीस तास म्हणजे ८६,४०० सेकंद. त्यांतले दहा-वीस सेकंद सोडले तर बिघडले कुठे? असा निषेध कोणालाही परवडेल! या आक्षेपाला शर्यतीच्या शेवटानेच उत्तर दिले.

इक्सचा त्या दिवशीचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर. त्यांची गाडी जुनी झाली होती. आदल्या वर्षी जिंकलेली गाडी तीच. जॉन वायर यांच्या संघाने ती पुन्हा जुळवून आणली होती. नव्या पोर्श गाड्या तिच्याहून वेगवान होत्या. दोघांनी मुद्दाम बेताने, पण एका लयीत गाडी चालवली. पुढच्या गाड्या रात्रभरात एकेक करून मोडत गेल्या. एकविसाव्या तासाच्या सुमारास आघाडीवरची पोर्श ९१७ ही यंत्र बिघडून बाद झाली. मग उरले दोघे : इक्सची फोर्ड आणि हान्स हेरमान व जेरार लारूस यांची पोर्श ९०८. शेवटचे कित्येक तास या दोन गाड्या एकमेकींना मागे टाकीत धावल्या. हेरमानच्या गाडीचे ब्रेक झिजत आले होते. पोर्श सरळ रस्त्यावर पुढे जाई, तर ब्रेक लावण्याच्या वळणावर फोर्ड तिला गाठी. अखेरच्या फेरीत इक्सने हेरमानला सरळ रस्त्यावर पुढे जाऊ दिले, त्याच्या गाडीच्या मागच्या विरळ हवेचा फायदा घेतला आणि वळणाआधी त्याला मागे टाकले. शर्यत संपली तेव्हा दोघांत अंतर होते सुमारे १२० मीटर.

आता हिशेब करा. विजेत्या गाडीने चोवीस तासांत ४,९९८ किलोमीटर तोडले, म्हणजे सरासरी वेग ताशी २०८ किलोमीटर. या वेगाने १२० मीटर जायला दोन सेकंद लागतात. चालत जाताना आणि पट्टा आवळताना सोडलेले सेकंद याहून जास्त होते. ते फुकटचे नव्हते. त्यांपायी शर्यत हातची जाऊ शकली असती, आणि सुरुवातीला ते सोडताना त्याला याचा अंदाज असणे शक्य नव्हते. तरी त्याने ते सोडले. निषेधाला किंमत होती आणि ती देण्याची तयारी होती, म्हणूनच त्या चालण्याला वजन आले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. १९७० साली ल मान्सला धावणे बंद झाले. चालक पट्टे बांधून गाडीतच बसले आणि झेंडा पडल्यावर निघाले. १९७१ पासून गाड्या संथ गतीने एकत्र चालत येऊन मग सुटू लागल्या. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांची चाल वर्षभरात इतिहासजमा झाली. आणि हा योगायोगही पाहा : विजयानंतर सोमवारी इक्स पॅरिसकडे निघाला असताना शार्त्रजवळ एक गाडी त्याच्या आडवी आली. त्याची मोटार खांबावर आदळून चेपली. पट्टा बांधलेला असल्यामुळे तो धडधाकट बाहेर आला.

दुसरी बाजू

पण पट्ट्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान एकांगी होईल. त्या काळी चालकांना सर्वांत मोठे भय आगीचे होते. पट्ट्याने आपण गाडीत अडकून पडू, ही भीती खोटी नव्हती. १९७० च्या एप्रिलमध्ये स्पेनमधील हारामा येथे पहिल्याच फेरीत ऑलिव्हरच्या गाडीचा पुढचा भाग मोडला आणि ती इक्सच्या फेरारीवर आदळली. आदल्या वर्षीचे दोन जोडीदार असे समोरासमोर आले. दोन्ही गाड्यांनी पेट घेतला. दोघेही वाचले, पण इक्स भाजला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीत मोन्झा येथे योखेन रिंट हा ऑस्ट्रियाचा चालक सरावात मरण पावला. आग लागल्यास चटकन बाहेर पडता यावे म्हणून तो पट्ट्याचा मांड्यांमधला भाग बांधीत नसे. गाडी आदळताच त्याचे शरीर पट्ट्याखालून पुढे घसरले. म्हणजे आगीच्या भीतीने अर्धवट ठेवलेला पट्टाच त्याला भोवला. या दोन अपघातांवरून निघणारा निष्कर्ष आम्हांला कारखान्यातही वारंवार दिसला आहे. संरक्षण अर्धे असले की कामगाराचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास नसला की तो ते टाळतो. पट्ट्याबरोबर एका झटक्यात सुटणारी कडी, आग न धरणारे कपडे आणि न फुटणारी इंधनाची टाकीही हवी. या गोष्टी हळूहळू आल्या, तेव्हा पट्ट्याविषयीचा वाद मिटला.

रिंटच्या मृत्यूनंतर अजिंक्यपदाच्या गुणांत त्याला गाठू शकतील अशा चालकांत इक्स होता. त्याने कॅनडातील व मेक्सिकोतील शर्यती जिंकल्या. पण मधल्या अमेरिकेतील शर्यतीत इंधनाच्या नळीने दगा दिला आणि तो चौथा आला. अजिंक्यपद मृत रिंटला मिळाले. जो आता मैदानात नाही त्याच्याकडून पद जिंकून घेण्याची आपली इच्छा नव्हती, असे इक्सने नंतर बोलून दाखवले. ग्रँड प्रिक्सचे अजिंक्यपद त्याला कधीच मिळाले नाही. १९६९ व १९७० ही दोन्ही वर्षे तो दुसरा राहिला. त्याने एकूण आठ ग्रँड प्रिक्स जिंकल्या.

रात्रपाळीचा राजा

त्याचे खरे राज्य दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतच होते. १९७५ साली तेलटंचाईच्या पार्श्वभूमीवर ल मान्सला नियम आला की एकदा तेल भरल्यावर वीस फेऱ्यांच्या आत पुन्हा भरायचे नाही. इक्स व डेरेक बेल यांनी काटकसरीने गाडी चालवून ती शर्यत जिंकली. १९७६ साली गाइस फान लेनेप याच्यासह पोर्श ९३६ मधून पुन्हा विजय मिळाला.

पण ज्या शर्यतीमुळे त्याचे नाव दंतकथेत गेले ती १९७७ ची. इक्स व आंरी पेस्कारोलो यांची पोर्श सुरुवातीच्या काही तासांतच इंजिन मोडून बाद झाली. त्याच संघाची दुसरी गाडी युर्गेन बार्ट व हर्ली हेवुड चालवीत होते. तिचा इंधनाचा पंप बिघडून ती चाळिसाव्या क्रमांकाच्याही मागे पडली होती. संघाने इक्सला त्या गाडीवर बसवले. रात्र पडली, पाऊस आला, धुके आले. इक्स पाळीमागून पाळी चालवीत राहिला आणि एकेक गाडी मागे टाकीत गेला. पुढे असलेल्या रेनॉ गाड्यांची इंजिने या पाठलागात एकामागून एक बसली. रविवारी सकाळी जवळजवळ शेवटी असलेली गाडी पहिली आली होती.

तरीही शेवटच्या तासात तिचा एक पिस्टन गेला. गाडी थांब्यावर आणली गेली. कारागिरांनी तो सिलिंडर बंद करून टाकला. शेवटच्या फेऱ्यांसाठी बार्टला बसवले, कारण यंत्र हा त्याचा स्वतःचा विषय होता. धूर ओकीत, पाच सिलिंडरांवर, त्याने गाडी रेषेपार नेली. विजयाची आठवण निघते तेव्हा लोक इक्सच्या रात्रीविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण पंप बदलणारे आणि सिलिंडर बंद करणारे हात नसते तर ती रात्र वाया गेली असती. म्हणूनच या शर्यतीच्या विजेत्यांची यादी वाचताना प्रत्येक नावामागे दहा-वीस नावे न छापलेली असतात, हे ध्यानात ठेवावे.

१९८१ साली संग्रहालयात ठेवलेली पोर्श ९३६ बाहेर काढून, तिच्यात दुसऱ्या कामासाठी बांधलेले इंजिन बसवून, इक्स व बेल यांनी पाचवा विजय मिळवला. १९८२ साली नवी पोर्श ९५६ आली. तेव्हाच्या नियमाने गाडीची टाकी शंभर लिटरची आणि हजार किलोमीटरच्या शर्यतीला एकूण सहाशे लिटर इंधन, असा शिधा ठरवून दिला होता. चालकाने वेग आणि शिधा दोन्हींचा मेळ घालायचा. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या गृहिणीला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही! त्या वर्षी ल मान्सला एक, दोन व तीन हे आकडे लावलेल्या तीन पोर्श त्याच क्रमाने पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आल्या. एक क्रमांकाच्या गाडीत इक्स व बेल होते. सहा विजयांचा हा विक्रम २००५ पर्यंत टिकला. त्या वर्षी डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेनसेनने सातवा विजय मिळवला. २०१३ पर्यंत त्याचे नऊ झाले. १९८३ च्या आरंभी इक्सने पॅरिस ते डाकार ही वाळवंटातली लांबलचक शर्यतही जिंकली.

कारकिर्दीच्या अखेरीस सावल्याही आहेत. १९८४ साली मोनॅकोच्या ग्रँड प्रिक्सचा संचालक म्हणून त्याने मुसळधार पावसामुळे शर्यत मध्येच थांबवली. निर्णय सुरक्षिततेचा असेलही. पण इतर पंचांना विचारल्याशिवाय तो घेतला म्हणून त्याला दंड झाला. १ सप्टेंबर १९८५ रोजी स्पा येथे स्टेफान बेलॉफ हा तरुण जर्मन चालक चढाच्या वळणावर त्याला मागे टाकू पाहत असताना दोघांच्या गाड्या एकमेकींना लागल्या आणि बेलॉफ मरण पावला. त्या हंगामानंतर इक्सने अशा शर्यतींतून निवृत्ती घेतली. ज्याने पट्टा बांधण्यासाठी सर्वांना पुढे जाऊ दिले, त्याच्या वाट्यालाही हे आले. एकट्याची सावधगिरी कुठवर पुरते, हे यावरून कळते.

एकाचे चालणे आणि सर्वांचा नियम

आता शेवटचा मुद्दा. ग्रँड प्रिक्सच्या चालकांनी १९६१ साली आपली संघटना काढली होती. १९६६ साली स्पा येथे जॅकी स्ट्युअर्ट हा चालक पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकला; त्याला सोडवायला पाना मिळाला तो प्रेक्षकांपैकी कोणाकडून तरी. त्यानंतर स्ट्युअर्टने सुरक्षिततेसाठी मोहीम उघडली. चालकांच्या आग्रहामुळे १९६९ ची बेल्जियमची शर्यतच झाली नाही. या बहिष्काराच्या मार्गाशी इक्सचे जमले नाही. तो एकटा चालणारा होता.

आम्ही संघटनेचे माणूस. आमचा कल स्ट्युअर्टकडे असणार, हे उघड आहे. पण इक्सने जे केले त्याची थोरवी आम्ही कमी करीत नाही. त्याने काम थांबवले नाही, कोणाची वाट अडवली नाही. नियमात बसेल एवढेच केले आणि मग तेच काम सर्वांहून सरस करून दाखवले. ‘सुरक्षितता पाळाल तर उत्पादन बुडेल’ असे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

तथापि असे चालणे कोणाला परवडते, हा प्रश्न उरतोच. इक्स नामांकित चालक होता. रांगेत शेवटी निघाला म्हणून त्याला कोणी घरी बसवणार नव्हते. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र खाली येऊ नये, अशी सोय असते. नगसंख्या वाढावी म्हणून त्यांतले एक बटण काडी खोचून कायमचे दाबून ठेवलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्या यंत्रावर बसलेल्या मुलाची दोन बोटे गेलेलीही पाहिली आहेत. महिनाभरापूर्वी कंत्राटदाराकडून आलेला तो मुलगा काडी काढून ‘मी सावकाश काम करीन’ असे म्हणाला असता, तर दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत आला असता काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले, ते याच मुलासाठी. त्याच्याकडे इक्सचे धैर्य असावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

म्हणून १९६९ इतकेच १९७० हे सालही आम्ही महत्त्वाचे मानतो. १९६९ साली एक माणूस चालला. १९७० साली कोणालाच धावावे लागले नाही. भित्रा, हौशी, नवखा, कर्जात बुडालेला, सगळेच पट्टा बांधून बसले, आणि तसे बसण्यासाठी कोणालाही शूर व्हावे लागले नाही. घाटातल्या रस्त्यावर ‘अति घाई संकटात नेई’ अशा पाट्या आपण वाचतो आणि पुढे जातो. कारण घाई ज्याच्या हिशेबात आहे तो बहुधा गाडीत नसतोच, तो माल पोहोचण्याची वाट पाहत दूर बसलेला असतो. ती पाटी त्याच्या टेबलावर लागली पाहिजे. आपल्या कामाच्या जागी कोणती धाव केवळ जुनी चाल म्हणून चालू आहे, आणि ती बंद करायला कोणाला चालावे लागेल, याचा विचार प्रत्येकाने घरी जाऊन करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.